रांजण उठेपर्यंत

सोलापूरहून परतल्यापासून चिपळुणात जो भेटतो तो विचारतो, चादर आणली का? नाही आणली. टॉवेलही नाही आणले. शेंगांची चटणी तेवढी आणली होती, ती शेजारणींनी चव बघता बघता संपवली. मग गेला होतात कशाला, हा पुढचा प्रश्न ठरलेला. नीळ बघायला, असं मी सांगते आणि समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीने बघतो. आपल्याला नीळ माहीत असते ती पांढऱ्या कपड्यांना द्यायची. आमच्या वडिलांच्या सदऱ्यावर तिचे डाग उमटायचे आणि मग सकाळभर घरात कोणी कोणाशी बोलत नसे. नाहीतर मग शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातली, चंपारणच्या धड्यातली नीळ. त्यासाठी कुंभार्ली घाट चढून कोण जातं?

मी गेले, कारण पोस्टातून निवृत्त झाल्यावर माझं डोकं फिरलं. हे माझ्या मुलाचं मत. पुण्याच्या एका शिबिरात मी झाडापासूनची खरी नीळ हाताळली आणि घरी येऊन बाल्कनीत बादली मांडली. नीळ आंबवावी लागते. आंबताना ती जो वास सोडते त्याचं वर्णन इथे करत नाही, वाचणाऱ्यांपैकी कोणी जेवायला बसलेलं असायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी गटार तुंबलं म्हणून माणूस बोलावला, आणि मग मला. एवढं करून कापड निळं झालं ते पहिल्या धुण्यात पुन्हा पांढरं. शिबिरातल्या एका बाईंना फोन करून रडगाणं गायलं, तेव्हा त्या म्हणाल्या की सोलापुरात एक म्हातारं जोडपं अजून जमिनीत पुरलेल्या रांजणात नीळ धरतं, त्यांच्याकडे जा. मी एक कोरी पांढरी सुती साडी पिशवीत टाकली आणि जानेवारीत निघाले.

जमिनीत पुरलेला रांजण

सोलापूर कोरडं म्हणजे किती कोरडं, हे चिपळूणच्या माणसाला सांगून कळणार नाही. लॉजवर टॉवेल वाळत घातला आणि केस विंचरून वळले तर तो वाळलेला. आमच्याकडे पावसाळ्यात पापड मऊ पडतात आणि माणसं चिडकी होतात. इथे भाकरीसुद्धा कडक करून डब्यात भरून ठेवतात. लॉज सात रस्त्याजवळ होतं. मी हौसेने रस्ते मोजायला उभी राहिले, पण रिक्षा इतक्या बाजूंनी अंगावर आल्या की मोजणी सोडून फुटपाथ गाठला.

रिक्षावाल्याला मी नीळ, रंगारी, रांजण असं सगळं सांगून पाहिलं. त्याला काही उमगेना. शेवटी पत्त्याचा कागद वाचून तो म्हणाला, "नीले हातवाले चाचा? पहलेच बोलना था ना." आणि मग बोलत बोलत त्याने मला यंत्रमागांच्या गल्ल्यांतून नेलं. तिथे भिंतींमागून खटखट इतकी सतत येत होती की थोड्या वेळाने ती ऐकू येईनाशी झाली. ओट्यांवर बायका तेलुगूत गप्पा मारत सूत गुंडाळत होत्या.

वस्ती संपून रान सुरू होतं तिथे सिद्रामप्पांचं घर. पुढे पत्र्याचं छप्पर, मागे अंगण, आणि अंगणात एका कोपऱ्यात आडोसा करून मानेपर्यंत जमिनीत पुरलेला रांजण. त्याच्याभोवती ऊब राहावी म्हणून शेणाचा आणि कडब्याचा थर. सिद्रामप्पा उंच, कपाळावर विभूती, हात कोपरापर्यंत निळे. नखं तर अशी की जन्मापासूनच निळी असावीत. त्यांच्या बायकोचं नाव महादेवी. त्या ठेंगण्या, हसऱ्या, आणि नवऱ्याच्या दुप्पट बोलणाऱ्या. दोघं आपसात कानडी बोलत, माझ्याशी मराठी, आणि सुताचे गट्ठे घेऊन येणाऱ्या विणकरांशी तेलुगू. मी त्यांची ताई झाले, तेही पाणी पिऊन व्हायच्या आत.

रांजणात काय काय जातं ते त्यांनी सांगितलं. निळीच्या वड्या वाटून, चुना, गूळ, आणि तरोट्याच्या बिया शिजवून. तरोटा म्हणजे काय बघायला गेले तर आमचा टाकळाच! पावसाळ्यात आम्ही ज्याची भाजी करतो, खोबरं घालून, त्याच्या बिया इथे रांजणाच्या पोटात जातात. मी भाजीचं सांगितलं तेव्हा महादेवीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांच्या मते तो खायचा पदार्थ नव्हे.

सिद्रामप्पांच्या वाडवडिलांचं काम विणकरांचं सूत रंगवून देणं. लुगड्याचा निळाकाळा रंग हवा तर सूत आधी यांच्या दारात यायचं. मग परदेशातून तयार पूड आली, ती पाण्यात सहज विरघळणाऱ्या इतर पुडींच्या संगतीने घरोघर गेली आणि एकेक रांजण बुजत गेला. गिरण्याही आल्या आणि बंद पडल्या, त्यांच्या चिमण्या अजून उभ्या आहेत. यांचा रांजण तेवढा राहिला. त्यातला तळाचा गाळ कधीच पूर्ण काढत नाहीत. नवं पाणी, नवी नीळ, पण गाळ जुना, त्यांच्या आजोबांच्या हातचा. दह्याला विरजण असतं तसं. तो एकदा मेला की दुसरीकडून आणायला जागा नाही.

हे सगळं मला इतक्या सविस्तर ऐकायला मिळालं याचं कारण रंगवायचं काम बंद होतं. सिद्रामप्पांनी झाकण उचलून दाखवलं. आत राखाडी, निळसर, निपचित पाणी. अचानक पडलेल्या थंडीने रांजण बसला होता, म्हणजे आतलं आंबणं थांबलं होतं. जागा असता तर वर फेस दिसला असता, त्यावर तांब्यासारखी चकाकी, आणि खाली पाणी पिवळट हिरवं. त्या हिरव्यातून कापड हिरवं निघतं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि मान हलवली. त्यांचा चेहरा मला आमच्या पोस्टातल्या शिपायाची आठवण करून देणारा होता, त्याची आई दवाखान्यात होती तेव्हाचा. मी साडी पिशवीतच ठेवली.

आवई

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा सिद्रामप्पा दाढी करायला बाहेर पडलेले. महादेवीबाई रांजणाभोवती गरम राख लावत होत्या आणि गुणगुणत होत्या. आता काय उपाय, असं मी विचारलं. शिबिरात मी तापमान, आंबटपणा असं बरंच शिकले होते आणि ते सांगायला माझी जीभ शिवशिवत होती.

त्यांनी जो उपाय सांगितला तो शिबिरात नव्हता. रांजण बसला की आवई उठवायची. घरच्या बाईने एक खोटी बातमी सोडून द्यायची, आणि ती वस्तीने खरी मानली, ह्या कानाची त्या कानाला गेली, की रांजण उठतो. जितकी लांब जाईल तितका लवकर. मात्र मरणाची चालत नाही, आजारपणाची चालत नाही, कोणावर चोरीचा आळ येईल अशी चालत नाही. त्यांच्या सासूने एकदा पलीकडच्या वस्तीतल्या म्हशीला जुळी रेडकं झाल्याचं सोडलं होतं, तर लोक बघायला चालत गेले आणि म्हैसवाल्याने सगळ्यांना हाकलून लावलं. रांजण दुसऱ्या दिवशी उठला.

"आणि खोटं आहे असं कोणी सांगितलं तर?" मी विचारलं.

"घरच्यानं सांगायचं न्हाय. रांजण उठंस्तवर कुणी इचारलं तर व्हयच म्हणायचं. न्हाय म्हटलं की रांजण मेला म्हणून समजा. मग काय बी करा, उठत न्हाय."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. या वेळी काय सोडलंत, असं विचारल्यावर त्यांनी राखेचे हात झटकले. सकाळीच नळावर सांगितलं होतं त्यांनी. यांनी गिरिजाला बोलावून घेतलंय म्हणून.

गिरिजा ही त्यांची एकुलती एक लेक. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं. मुलगा बौद्ध घरातला, राहायला होटगीला, रेल्वेत नोकरी. मुलात खोट काही नव्हती, पण तो यांच्या जातीचा नव्हता. त्या दिवसापासून सिद्रामप्पांनी लेकीचं नाव घेतलं नव्हतं. होटगी किती लांब? सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत यावं एवढी. पण ना हे तिकडे गेले ना ती इकडे आली. महादेवीबाई वर्षातून एखाद्या वेळी देवळात तिला गाठत, चोरून. जावयाला तर त्यांनी नीट बघितलंही नव्हतं.

दुसरी एखादी थाप सुचली नाही का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, वस्ती आता शहाणी झाली आहे, म्हशीबिशीवर कोणी भुलत नाही. आणि मग कडब्याची पेंढी सारखी करत, माझ्याकडे न बघता, "रांजणासाठीच बोलले मी."

सिद्रामप्पा आले ते तडक अंगणात. न्हाव्याने गळ्यावर वस्तरा ठेवून त्यांचं अभिनंदन केलं होतं. आवई कोणती सोडली हे त्यांना तिथेच कळलं, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. गळ्यावर वस्तरा नसता तरी नव्हती. ते बायकोकडे बघत राहिले. त्यांनी कानडीत एक वाक्य उच्चारलं, ते मला समजलं नाही आणि महादेवीबाईंनी भाषांतर केलं नाही. नंतर त्यांनी झाकण उचललं, पाणी बघितलं आणि झाकण ठेवलं. गिरिजाचं काय होणार, ती हे ऐकून आली तर, याचा मला घोर लागला. रांजणाचा घोर त्यांना होताच.

दातवाल्याकडे

मध्येच माझं एक लचांड झालं. कडक भाकरी चटणीशी खायची असते, पण आधी ती दह्यात किंवा आमटीत मोडायची असते. मी कोकणातली, भाकरी म्हणजे मऊसूत, त्यामुळे मी ती सरळ चावली. दाढेवरची टोपी निघून हातात आली. सात रस्त्याजवळ एक दातवाला शोधून त्याच्या बाकावर जाऊन बसले.

शेजारी एक बाई गाल सुजवून बसल्या होत्या. त्यांनी मला वर-खाली बघितलं. "तुमी त्या निळवाल्याच्या पाव्हण्या न्हवं?" एवढं विचारून त्यांनी मलाच बातमी दिली. सिद्रामप्पांनी लेकीला बोलावलं. नुसतं बोलावलं नाही, तर स्वतः होटगीच्या स्टेशनवर जाऊन उभे राहिले, आणि लेकीसाठी हिरव्या बांगड्यांचा चुडा घेऊन ठेवलाय. गाल दुखत असतानाही त्या हे रंगवून सांगत होत्या आणि सांगता सांगता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई बेस केलं बघा म्हाताऱ्यानं. किती दिस रागावायचं?" मी व्हय व्हय म्हणत होते. मी आता घरच्यांत मोडते की पाहुण्यांत, हे मला ठरवता येईना, म्हणून नाही म्हणायची जोखीम घेतली नाही. दातवाल्याने टोपी बसवून दिली आणि काही दिवस कडक खाऊ नका म्हणाला. सोलापुरात हे पथ्य अवघड.

होटगीची पाहुणी

त्यानंतरच्या दुपारी आम्ही अंगणात शेंगा सोलत बसलो होतो. दारात एक तिशीची बाई येऊन उभी राहिली. उन्हाने लाल झालेली, हातात कापडी पिशवी, आणि चेहरा हुबेहूब सिद्रामप्पांचा. कोणी सांगायची गरज नव्हती.

"आप्पा," ती म्हणाली, "बोलावलंत म्हणून आले."

सिद्रामप्पा उभे राहिले. त्यांचं तोंड उघडलं. ते काय म्हणणार होते ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. महादेवीबाईंच्या ओटीतल्या शेंगा खाली सांडल्या आणि त्या एकच शब्द बोलल्या, "रांजण."

सिद्रामप्पांनी तोंड मिटलं. भिंतीकडे बघून म्हणाले, "पाय धू."

गिरिजाने पाय धुतले. मग पदराला हात पुसत ती सरळ आडोशापाशी गेली आणि कडब्याचा नवा थर, राख, घट्ट बसवलेलं झाकण बघत उभी राहिली. ती रंगाऱ्याची लेक. तिला वास आला असणार. "बसलाय व्हय?" तिने विचारलं. महादेवीबाई सांडलेल्या शेंगा वेचू लागल्या. तिचा चेहरा आधी उतरला आणि मग शांत झाला, आणि ते बघताना मला माझा जीव नकोसा झाला. एवढ्या वर्षांनी बापाने बोलावलं म्हणून ती धावत आली होती, आणि कोणी बोलावलंच नव्हतं.

ती त्याच पावली परत जाऊ शकली असती. पण गेली असती तर आवई खोटी ठरली असती. तिने पिशवी खुंटीला अडकवली आणि आईला म्हणाली, उठंस्तवर राहते.

पुढचे दिवस मी दुभाष्याचं काम केलं. बाप आणि लेक एका अंगणात, हाताच्या अंतरावर, आणि बोलणं माझ्यामार्फत. "ताई, तिला म्हणावं गूळ जास्त पडला." "ताई, त्यास्नी सांगा, गूळ बराबर हाय, पाणी गार हाय." दोघांना एकमेकांची भाषा माझ्यापेक्षा चांगली कळत होती, तरी मी निमूटपणे इकडचं तिकडे करत होते. तिने पाणी तापवलं, त्यांनी ओतलं. ती उकिडवी बसून काठीने हलकेच ढवळायची, वारा आत जाणार नाही अशी, आणि ते लांबून तिचे हात बघायचे. एकदा तिच्या कपाळावर निळा शिंतोडा उडाला तर त्यांचा हात पुसायला पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला. रात्री ताटात तिच्या वाटीत आमटी कमी दिसली की ते आपली वाटी महादेवीबाईंकडे सरकवायचे आणि महादेवीबाई तिच्याकडे. शेजारणी येऊन गिरिजाला बघून जात, तिच्या हातावरून हात फिरवत, आणि चुडा कुठाय असं विचारत. चुड्याचं ऐकून सिद्रामप्पा चमकले. पण व्हय म्हणाले.

मला ती फार आवडली. तिच्या नवऱ्याला निळीचं वेड आहे, हे तिने मला एकदा भांडी घासताना सांगितलं. लग्नात तिने नेसलेलं लुगडं याच रांजणातलं, ते तो दरवेळी स्वतः धुतो, पिळत नाही, सावलीत वाळवतो. हे मी आप्पांना सांगू का, असं विचारलं तर नको म्हणाली. नवऱ्याबद्दल या घरात कधी शब्द निघाला नव्हता.

निघायचा दिवस

माझं परतीचं आरक्षण दुपारचं होतं. सकाळी निरोप घ्यायला गेले, साडी काखेत, उगाच आशेने. अंगणात ऊन आलं होतं आणि तिघंही आडोशापाशी उभी होती.

सिद्रामप्पांनी झाकण उचललं. मी आयुष्यात पहिल्यांदा जागा रांजण बघितला. फेस वर आलेला, गर्द निळा, आणि त्यावर तांब्याची चकाकी हलत होती. त्यांनी फेस बाजूला सारून बोट बुडवलं. बाहेर आलं ते हिरवं. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत होतो आणि ते आमच्यासमोर निळं होत गेलं. आजोबांचा गाळ वाचला होता. महादेवीबाईंनी हात जोडले, पण त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. रांजण उठला म्हणजे आवई संपली. आता नाही म्हणायला कोणाची आडकाठी नव्हती.

"उठलाय, आप्पा," गिरिजा म्हणाली. इतक्या दिवसांत ती त्यांच्याशी थेट बोललेलं हे पहिलंच वाक्य, दारात उभी राहिली होती त्यानंतरचं. आणि ती आत जाऊन खुंटीवरची पिशवी घेऊन आली. आईच्या पाया पडली. बापाच्या पाया पडायला वाकली.

सिद्रामप्पांनी झाकण रांजणावर ठेवलं आणि हाताने दाबून धरलं.

"कुटं उठलाय?" ते म्हणाले. "तुला इसर पडला सगळ्याचा. अजून न्हाय उठला."

त्यांचं बोट तोवर पुरतं निळं झालं होतं. ते त्यांनी धोतराला पुसलं, आणि धोतरही निळं झालं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ताई, तुमचं लुगडं या खेपंला व्हायचं न्हाय. रांजण बसलाय."

मला वाईट वाटायला हवं होतं. एवढ्या लांब आले होते त्याच रंगासाठी, आणि तो झाकणाखाली हातभर अंतरावर तयार होता. पण मी सांगितलं, की मलाही तो काही उठलेला दिसला नाही. साडी पिशवीत कोंबली.

महादेवीबाई म्हणाल्या, थंडी लई हाय की. अंगणात ऊन रखरखत होतं.

गिरिजा पिशवी धरून तशीच उभी होती. एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मग ती खाली उंबऱ्यावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, आणि तिने विचारलं, "मग कवा उठंल, आप्पा?"

 झाकणावरचा हात सिद्रामप्पांनी काढला नाही.

"चौघांचं काम हाय ते," ते म्हणाले. "जावयास्नी बी बोलावून घे."